कोऱ्या रकान्यांचे गुण

खोरे संस्थेचे गुण वर्षभरात एकसष्टवरून चौऱ्याऐंशीवर गेले, तेव्हा ओजस्विनीला आधी आनंदच झाला. का होऊ नये? नदीखोऱ्याचा कारभार पाहणाऱ्या त्या सरकारी संस्थेचं काम कसं मोजायचं, हे तिनेच तर ठरवून दिलं होतं. मोहालीतल्या तिच्या सल्लागार कंपनीत टाळ्या वाजल्या, एयरोसिटीतल्या घरी मिठाई आली. मग तिने सविस्तर नोंदी उघडल्या आणि तोंडाची चवच गेली.

नदीची पातळी मोजणारी सहा ठाणी होती. आता पाचच उरली होती. डोंगराच्या पायथ्याचं, सगळ्यात वरचं ठाणं गायब.

"बंद केलं ना ते," संस्थेच्या चंदीगडच्या कचेरीत अधीक्षक अभियंता लक्ष्मीकांत बोबडे म्हणाले. गडी नागपूरचा, वीस वर्षं इथे काढूनही बोली हललेली नाही. "तुमचाच नियम न मॅडम! कोऱ्या रकान्यामागे एक मार्क वजा. त्या नरेशचे रकाने सगळ्यात जास्त कोरे. ठाणं काढलं, मार्क सुधरले."

"सर, पूर तिथूनच येतो. पावसाळा महिन्यावर आलाय. खालच्या तीन गावांना कळवणार कोण?"

"मग नरेशकडून लिहून आणा, का रकाने आळसानं कोरे नव्हते. फाईल वर पाठवतो, पक्का."

त्या ठाण्यावर पातळी टिपणाऱ्या नरेशला ती गेल्या वर्षी भेटली होती. पुरात मोजपट्टी बुडाली की तो आकडा लिहीतच नसे. "जो दिखा नहीं, वो कैसे लिखूँ, मैडमजी?" तिने हसून मान डोलावली होती आणि त्याला गुणांचा नियम समजावून सांगितला होता. बाकीच्या पाच वह्या ऐन पुरातही तासातासाला भरलेल्या! त्यांना तिने पैकीच्या पैकी दिले होते. बुडालेल्या पट्टीवरचे आकडे या लोकांनी वाचले कुठून, हे विचारायची अक्कल तेव्हा कुठे गहाण पडली होती? तिला स्वतःची लाज वाटली.

सेक्टर ४३च्या बसअड्ड्यासमोर नरेश आता एका खासगी बस कंपनीच्या गाड्यांच्या वेळा टिपतो, असं कळलं. ती साडेदहालाच पोचली. तो कामात होता, म्हणून शेजारच्या बाकावर बसून राहिली. सव्वाअकराला त्याने तक्ता पुरा केला आणि दोन चहा सांगितले.

तिने सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं आणि रकाने आळसाने कोरे नव्हते असं लिहून आणलेला कागद सहीसाठी बाहेर काढला. बोलता बोलता तिची नजर तक्त्यावर गेली. पावणेअकराची गाडी, आगमन दहा पंचेचाळीस.

"ये बस तो आई ही नहीं, नरेशजी. मैं यहीं बैठी थी."

"हाँ जी, नहीं आई." त्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. "पर चार्ट का खाना कोरा रहे तो नंबर कटते हैं ना. आपने ही तो समझाया था."

ओजस्विनीने तो कागद पर्समध्ये परत ठेवायला घेतला, तोवर नरेशने तो अलगद काढून घेतला आणि न वाचताच खाली सही ठोकली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ठाणा खुलवा दीजिए, मैडमजी," तो हात जोडून म्हणाला. "इस बार एक भी खाना कोरा नहीं मिलेगा."