सखुबाईचा हाटेलातला मुक्काम

डोंगरकड्यात मोटार आली ती भर दुपारी, आणि थेट रामकिशनच्या दारात येऊन उभी राहिली. एरवी मोटार यायची ती तहसीलदाराची, तीही चावडीपर्यंतच. त्यामुळे सखुबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली तेव्हा निम्मं गाव तिच्या अंगणात जमलं होतं.

मोटारीतून हरिचंद मुन्शी उतरले. जहागीरदार साहेबांचे कारभारी. भुवयांपर्यंत धुळीनं माखलेले. पाणी प्यायले, दम घेतला आणि म्हणाले, "रामकिशन, हैदराबादला चला बाबा. तुमचा बैल काही खाऊन न्हाई राहिला. असंच चाललं तर हातचा जाईल."

बैल म्हणजे शेंदऱ्या. त्याला जन्म देऊन त्याची माय गेली होती, आणि सखुबाईनं शेळीच्या दुधात बोट बुडवून, ते चोखायला देऊन त्याला जगवला होता. जगला तो असा फोफावला की त्याच्या जोडीला बैलच मिळेना. जू खांद्यावर ठेवलं की दुसऱ्या बाजूचा बैल टाचा उचलून चालायचा. रामकिशननं औंढ्याचा बाजार पालथा घातला, सेनगावच्या बाजूला चौकशी केली, पण त्या उंचीचं जनावर कुठं दिसलं नाही. तेवढ्यात शिकारीला आलेल्या जहागीरदारांची नजर त्याच्यावर पडली. हैदराबादेत जनावरांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. "इस को मैं ले जाऊँगा," ते म्हणाले, आणि शेंदऱ्या गेला. त्या दिवशी सखुबाई गोठ्याकडे फिरकली नव्हती.

"मी येऊन काय करू?" रामकिशननं डोकं खाजवलं. "त्यो माहं कवाच ऐकत नव्हता. हिला न्या."

मुन्शीजींनी सखुबाईकडे बघितलं. सखुबाईनं आपल्या घराकडे बघितलं. तीन लेक, दोन सुना, नातवंडं, म्हशी, उन्हात घातलेली तूर. "घर कोण बघंल वो?" ती म्हणाली. थोरली सून दाराआडून म्हणाली, "आमी हाव की, आत्या. लेकरू उपाशी हाय थितं, जा तुमी."

बैलाला लेकरू म्हटल्यावर मग प्रश्नच मिटला. सखुबाईनं एक धुतलेलं लुगडं गाठोड्यात बांधलं, आणि चार पेंढ्या कडबा मोटारीच्या मागच्या गादीवर नेऊन ठेवला. "बाई, तिकडं चाऱ्याला काय तोटा हाय?" मुन्शीजी कळवळून म्हणाले. "तिकडचा चारा त्यो खात न्हाई म्हणून तर तुमी आले ना," सखुबाई म्हणाली, आणि पेंढ्यांना टेकून बसली. रामकिशन पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, अंग चोरून. नांदेडला आगगाडी धरली. गाडीतही कडबा बाकाखाली होताच.

जहागीरदारांच्या देवडीला, म्हणजे शहरातल्या वाड्याला, रंग देणं चालू होतं, म्हणून ते हुसेनसागराच्या बाजूला एका मोठ्या हाटेलात उतरले होते. हाटेलाच्या मागं जुन्या पागा होत्या. मोटारी आल्यापासून त्या ओस पडलेल्या, तिथं शेंदऱ्याची सोय केलेली. हाटेल म्हणजे पांढरीशुभ्र दुमजली इमारत, पुढं हिरवळ, कारंजं, आणि दारात जरीचा फेटा बांधलेला, मिशांना पीळ दिलेला उंचापुरा गृहस्थ. रामकिशननं पायातल्या वहाणा काढल्या आणि त्याला लवून रामराम घातला. त्या गृहस्थानं त्याहून लवून सलाम केला आणि दार उघडून धरलं. तो दरवान होता. रामकिशन शरमला. सखुबाई मात्र पदर तोंडाला लावून जी हसायला लागली ती पागेपर्यंत हसतच गेली.

पागेत शिरताच मात्र तिचं हसू थांबलं. शेंदऱ्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. पुढ्यात हिरवागार घास, सरकी, पेंड, गूळ. सगळं जसंच्या तसं. बाजूला फुलसिंग हताश होऊन बसला होता. जहागिरीतल्या तांड्यावरचा हा गडी, जनावरं राखण्यात त्याची उमर गेलेली.

"काहून रे?" सखुबाई दारातूनच म्हणाली.

शेंदऱ्यानं कान टवकारले. मान वर केली, आणि असा हंबरला की पागेवरची कबुतरं उडाली. मग त्यानं आपलं भलंमोठं डोकं सखुबाईच्या काखेत घुसवलं. ती धडपडली, खांबाला धरून सावरली. "उपाशी राहून मला बलावून घेतलंस व्हय रे? लाज न्हाई वाटत? घोड्यायवडा झालास, अन् अजून चोखायला बोट पायजे?" असं रागे भरत तिनं कडब्याची पेंढी सोडली. शेंदऱ्या कराकरा खायला लागला. दोन डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्याच्या नव्हे, सखुबाईच्या.

जहागीरदार साहेब दाराशी येऊन उभे होते. चष्मा लावलेला, सडसडीत, मवाळ माणूस. "सुभानल्ला," एवढंच म्हणाले ते. मग मुन्शीजींना सांगितलं की प्रदर्शन होईपर्यंत यांना इथंच ठेवून घ्या.

मुन्शीजींनी नोकरांच्या चाळीत जागा बघितली होती. पण चाळ पडली पार दुसऱ्या टोकाला. सखुबाई नजरेआड झाली की शेंदऱ्या खाणं सोडून हंबरायचा, आणि वर झोपलेले गोरे पाहुणे खिडक्या उघडून ओरडायचे. जिची खिडकी थेट पागेवर उघडते अशी एकच खोली होती. वरच्या मजल्यावरची, मोठ्या साहेबलोकांसाठी राखलेली. हाटेलाच्या मॅनेजरनं कपाळाला हात लावला. पण जहागीरदारांचा शब्द, आणि बैलाचा आवाज. दोन्ही मोठे. खोली उघडली गेली.

सखुबाईनं खिडकी उघडून "हाव रे मी हितं" म्हटलं, खाली शेंदऱ्यानं मान हलवली, आणि मग ती खोलीकडे वळली.

खोली कसली, तिच्या घराएवढं दालन. जमिनीवर गालिचा, पाय ठेवला की बोटं दिसेनाशी होत. भिंतीत माणूसभर उंचीचा आरसा. त्यात तिला एक काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची बाई दिसली, कुंकू फिसकटलेलं. एवढी आख्खी ती स्वतःला पहिल्यांदाच बघत होती. "बरी हाय की वो मी," ती रामकिशनला म्हणाली. रामकिशन भिंतीला पाठ लावून उभा होता. कशालाही धक्का लागू नये म्हणून.

"हात नको लावू कशाला," तो म्हणाला.

तोवर तिनं पलंगाशेजारचं पांढरं बटण दाबलं होतं. लांब कुठंतरी घंटी वाजली, आणि क्षणात दारावर टकटक झाली. पांढरा झगा, लाल कमरपट्टा घातलेला एक बेअरा आत आला आणि अदबीनं म्हणाला, "हुकूम?"

सखुबाई घाबरली. "काई न्हाई बाबा. चुकून हात लागला. तकलीफ झाली तुला."

ती बोली कानावर पडताच बेअऱ्याचा चेहराच बदलला. "मावशी, तुमी कुठल्या?"

"डोंगरकड्याच्या."

"अरे अल्ला! मी कळमनुरीचा. चाँद पाशा म्हणतेत मला. बारा गावचे लोक बघितले इथं, पण आपल्याकडचं माणूस या खोलीत पहिल्यांदाच बघून राहिलो." मग एकदम आठवून तो पुन्हा ताठ उभा राहिला. "बोला मावशी, काय आणू तुमाला?"

काय आणू, असं सखुबाईला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहेरी ती थोरली, सासरीही थोरली. आणायचं ते तिनं, वाढायचं ते तिनं, उरलं तर खायचं तिनं. विचार करकरून तिला काही सुचेना. शेवटी ती हळूच म्हणाली, "च्या मिळंल का? जास्त साखरेचा?"

चहा चांदीच्या किटलीत आला. खोलीतल्या खुर्चीवर, खिडकीशी बसून, तो तिनं गरम गरम घेतला. दुसरा पेला घेतला. तिसराही.

तिथून पुढं सखुबाईला हाटेल मानवलं. नळ फिरवला की ऊन पाणी येतं हे कळल्यावर ती न्हाणीघरात शिरली ती रामकिशननं दार वाजवेपर्यंत बाहेर आली नाही. हाटेलाच्या स्वयंपाकघरातल्या मारवाडी महाराजाला चाँद पाशानं सांगून ठेवलं, आणि तव्यावरची भाकरी, वांग्याची भाजी, तुरीची आमटी वर यायला लागली. पलंगावर ती आडवीतिडवी कशीही झोपायची. "लाज न्हाई तुला," रामकिशन खाली सतरंजीवरून म्हणायचा. त्याला हाटेल सोसेना. तो सकाळी उठून शहर बघायला निघून जायचा.

शेंदऱ्या भरत चालला. आणि झालं असं की एका सकाळी सखुबाई पागेत उतरली तर तो फुलसिंगच्या हातून घास खात होता. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फुलसिंगचा चेहरा फुलला होता. "बाई, आता लागला बघा माह्या हाताला! साहेबाला सांगून येतो. तुमी खुशाल घरी जा."

बैलाचं वाईट वाटलं की हाटेलाचं, ते सखुबाईचं तिलाही उमगलं नाही. "थांब भाऊ," ती म्हणाली. "एवढी काय घाई हाय? नवी सवय हाय, मोडंल. जरा पक्की होऊ दे."

फुलसिंग समजूतदार होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, वरच्या खिडकीकडे बघितलं, आणि मिशीत हसला. "व्हय बाई. पक्की होऊ द्यावीच लागंल."

पुढं जहागीरदार पागेत यायचे त्या वेळी सखुबाई घमेलं घेऊन शेंदऱ्यापुढं बसायची आणि ते गेले की चहाला वर जायची. हे बरेच दिवस चाललं. पण एकदा साहेब मुन्शीजींना घेऊन अवेळी आले. शेंदऱ्या फुलसिंगच्या हातातलं घमेलं चाटून पुसून साफ करत होता, आणि सखुबाई वर खिडकीत, मोकळे केस वाळवत, बशीतून चहा पीत होती.

साहेबांनी बैलाकडे बघितलं. मग वर बघितलं. सखुबाईच्या हातातली बशी कलली. ती तशीच पदर सावरत खाली धावली.

"कब से खा रहा है ये?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

फुलसिंग आभाळाकडे बघायला लागला. रामकिशन नेमका त्याच वेळी फिरून आला होता, तो दारातच गारठला. सखुबाईनं मान खाली घातली, आणि मग वर केली. खोटं तिला लांबवता येत नसे.

"लई दिस झाले सायेब. म्याच सांगितलं नव्हतं. ह्या गरीबाला बोल नका लावू." तिनं फुलसिंगकडे बोट केलं. "मला जावंसं वाटेना. घरी समदं बरं हाय, लेकं चांगले हायत, सुना चांगल्या हायत. पण ते समदे मलाच इचारतेत, मीठ कुठं हाय, दावं कुठं हाय. हितं कोणी काईच इचारत न्हाई. इचारलं तर काय आणू म्हणून इचारतेत. म्हणलं, घ्यावं ऱ्हाऊन थोडं."

मुन्शीजींनी तिचं बोलणं उर्दूत सांगायला तोंड उघडलं. साहेबांनी हातानं थांबवलं. त्यांना मराठी पुरेशी समजत होती. ते काही वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "हमारी देवडी का रंग कब पूरा हुआ?"

मुन्शीजी चाचरले. "जी... होऊन महिना झाला, हुजूर."

"सुना, बाई?" साहेब सखुबाईकडे वळले. "घर में फूफियाँ हैं, खालाएँ हैं, चचा हैं। सुबह से शाम तक सब मुझसे ही पूछते हैं।" आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "मी बी घ्यावं म्हणलं राहून थोडं."

सखुबाई आ वासून बघत राहिली, आणि मग दोघंही हसले. रामकिशनच्या छातीवरचा धोंडा उतरला. प्रदर्शन होईपर्यंत कुणीही कुठं जायचं नाही असं पागेतच ठरलं. देवडीचा रंग अजून ओला आहे, हे मुन्शीजींनी घरच्यांना कळवायचं.

प्रदर्शनात शेंदऱ्याचा दुसरा नंबर आला. पहिला गेला पंजाबकडच्या एका वळूला, आणि सखुबाईच्या मते तो पंचांचा आंधळेपणा होता. जहागीरदारांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी शेंदऱ्याच्या गळ्यात हार घातला, शेंदऱ्यानं तो खाल्ला. निघताना सखुबाईनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. तो शांतपणे रवंथ करत होता. फुलसिंगनं सांगितलं, याला कुणी खच्ची केलेलं नाही, तर जहागिरीच्या गायींत वळू म्हणून मोकळा सोडणार, जू खांद्यावर येणार नाही. "मंग सुखी हाय त्यो," ती म्हणाली, आणि मागं न बघता निघाली. चाँद पाशा ठेसनापर्यंत पोचवायला आला. कळमनुरीला त्याची बहीण जाहेदा होती, तिच्यासाठी बांगड्यांची जोडी त्यानं सखुबाईकडे दिली.

गावात शिरल्या शिरल्या बायांनी तिला घेरलं. शेजारची नर्मदाबाई तर कामं टाकून आली. "सखू, सांग की. चारमिनार केवढा हाय? म्हणतेत, वर चढलं की समदं शहर दिसतं?"

"म्या न्हाई बघितला."

"न्हाई बघितला? मंग ते निजामाचे महाल? बागा? त्यो जुन्या चिजांचा अजबबंगला?"

"ते ह्यांनी बघितलं समदं. ह्यांना इचारा."

नर्मदाबाईनं हनुवटीवर बोट ठेवलं. "अगं, मंग इतके दिस तू थितं केलंस तरी काय?"

"काईच न्हाई केलं," सखुबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळून निघाला. "नर्मदा, खरं सांगते, काईच न्हाई केलं बघ!"

बायांना ते काही पटेना. सखुबाई मात्र पायरीवर बसून, गालिचा कसा होता ते हातानं दाखवायला लागली.