नियम सातची तारीख

विद्यापीठाच्या कचेरीत मला तारीखबाई म्हणतात. तंत्रज्ञानाच्या वापराची अकरा धोरणं आहेत; कचेरीत त्यांना नियम एक ते अकरा म्हणतात. दर दोन वर्षांनी त्यांच्यावर 'फेरआढावा घेतला' असं लिहून नवी तारीख घालायची आणि कुलसचिवांची सही आणायची, हे माझं काम. आढावा कोणीच घेत नव्हतं. चौदा वर्षं मीही डोळे झाकून तारखा घातल्या. त्याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

गेल्या महिन्यात एक मुलगी टेबलापाशी आली. तिला ऐकू येत नाही. वर्गात ती फोन समोर ठेवते, सर बोलतात ते त्यावर अक्षरांत उमटतं आणि ती वाचते. एका सरांना ते खुपलं. नियम सात: वर्गात आवाज टिपणारं कुठलंही यंत्र चालणार नाही. फोन बाहेर ठेव, नाहीतर तूच बाहेर बस, असं त्यांनी तिला सुनावलं होतं.

"मावशी, हा नियम कधीचा आहे?"

फाइल काढली. वर तारीख माझ्या अक्षरात, आत यंत्राचं उदाहरण म्हणून कॅसेटचा टेपरेकॉर्डर. त्या दुपारी डबा बाजूला सारून मी ते धोरण पहिल्यांदा वाचलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की मुदतीत फेरआढावा झाला नाही, तर हे धोरण आपोआप रद्द समजावं. मुदत येत्या सोमवारी संपत होती.

मी कुलसचिवांकडे गेले. "साहेब, नियम सात बदला."

"समितीकडे पाठवू. वर्षभरात होईल. तोवर तारीख घालून आणा."

"शेवटचं पान तरी वाचा."

"मला दुसरी कामं नाहीत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मी तारीख घालणार नाही."

"चौदा वर्षं घातलीत की. आता काय झालं?"

"आता वाचलंय."

साहेब हसले. दोन दिवसांत बाई वठणीवर येतील, असं त्यांना वाटलं असावं. घरी नवरा म्हणाला, "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, कशाला विस्तवाशी खेळतेस?" त्याला मी भाजी चिरायला बसवलं.

मंगळवारी मुलीच्या फोनच्या प्रश्नावर साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, ते सर, ती मुलगी आणि इतिवृत्त लिहायला मी. मुलीने फोन टेबलावर ठेवला. सरांनी बोटाने खूण केली, बंद कर. तिचा हात पुढे झाला.

"राहू दे गं," मी म्हणाले. "नियम सात काल संपला. शेवटचं पान बघा, साहेब."

साहेबांना धोरण वाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"तारीख कोणी घातली नाही?"

त्यांना माहीत होतं. तरी मी फोन जवळ ओढला, एकही अक्षर चुकायला नको म्हणून, आणि सावकाश बोलले. पडद्यावर अक्षरं उमटली:

'मी घातली नाही. आणि घालणारही नाही.'

मुलीने ते वाचलं आणि फोन उचलून साहेबांच्या समोर धरला.