क्लच आणि चार लिंबं

दिलीपराव उमरीकरांचा डावा गुडघा अलीकडे कुरकुरायला लागला होता; ते स्वतः जन्मापासून कुरकुरत होते. सचिवालयात सेक्शन ऑफिसर, मलकपेठेत स्वतःचं घर, आणि आता खुल्या बाजाराच्या कृपेने दारात मोटार. आयुष्यभर रांगेत उभं राहून मिळेल ते घेतलेल्या माणसाला एकदम 'साहेब, कुठली देऊ?' असं विचारलं की तो बिघडतो. दिलीपराव बिघडले.

त्यांची बायको तारामती कोठीच्या कॉलेजात गणित शिकवायची. सकाळी नवरा स्कूटरवर सोडणार की नाही, हे त्याच्या मर्जीवर. "कुठे सोडू?" असं तो रोज विचारायचा, जणू ती रोज नव्या गावाला निघाली होती. मोटारीचं लायसन तिने केव्हाच काढलं होतं. नव्या गाडीची किल्ली आपल्याही हातात यावी, एवढंच तिला हवं होतं.

"ऑटोमॅटिक घेऊ," ती म्हणाली. "क्लचच नाही. दोघांनाही चालवता येईल. अफझलगंजच्या गर्दीत तुमचा गुडघा किती वेळा दाबणार क्लच?"

"माझ्या गुडघ्याला काय धाड भरलीय? ती लंगड्यांची नि बायकांची गाडी. गिअर टाकायचा नाही, तर मग चालवायचं काय? पाळण्यात बसल्यासारखं!"

शेजारचे खालिदमियाँ जेद्दाला टॅक्सी चालवून परतलेले. कुंपणावरून म्हणाले, "क्या साब, उधर पूरे मर्दां वहीच चलाते."

"उधर रस्ते हैं, मियाँ. इधर मर्द लगता!"

तर गिअरचीच आली. शोरूमचा माणूस दारात लावून गेला, आणि किल्ली दिलीपरावांच्या खिशात गेली. "तुला झेपायची नाही," त्यांनी बायकोला सांगून टाकलं. तरुणपणी खात्याची जीप चालवलेला माणूस. सरावाची काय गरज?

पूजेला गल्ली लोटली. भटजींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. आता कर्त्या पुरुषाने गाडी त्यांवरून न्यायची. कर्ता पुरुष बसला. क्लच दाबला, चेहरा वाकडा झाला. पाय सुटला. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पाय खालीच जाईना. दिलीपराव गुडघा धरून बसले. लिंबं शाबूत.

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"नवी गाडी आहे, आखडलीय," दिलीपराव म्हणाले.

"गाडी नै, साब, घुटना अकडा है," खालिदमियाँ म्हणाले. "भाभी, आप बैठो. हम सब देखते."

गल्ली हसली. तारामतीने दार उघडलं. "सरका."

ते सरकले, गल्लीसमोर दुसरं करणार काय? तिने पदर खोचला, क्लच दाबला, हळूच सोडला. लिंबं फचफच फुटली. गाडी गल्लीबाहेर, मोठ्या रस्त्याला लागली. तिने खाली न बघता दुसरा टाकला, मग तिसरा.

दिलीपरावांना कंठ फुटला. "बघ! म्हणूनच मी गिअरची घेतली. ऑटोमॅटिक घेतली असती, तर तुझा हात बसला असता का?"

तारामतीने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोठीच्या दिशेने वळताना एवढंच विचारलं, "तुम्हाला कुठे सोडू?"