आतली माती

महादेवप्पांनी मातीचा गोळा उंबऱ्याच्या कोपऱ्यात दाबला आणि तो निसटून त्यांच्याच पायावर पडला. पुन्हा दाबला, पुन्हा पडला. बाहेर जळकोटच्या ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर चढलं होतं, आणि पूर अडवायला दारात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांपलीकडे त्यांचा मुलगा बसवराज त्यात उभा होता.

"आप्पा, बाहेर या. याला आत माणूस लागत न्हाई."

"तुला काय कळतंय," म्हातारा गुरकावला.

पट्ट्या बसवराजनंच लातूरहून करून आणल्या होत्या. छातीइतक्या उंच, रबर लावलेल्या, एकट्यानं पाव तासात बसवाव्यात अशा. पण दुकानाचा शहाबादी उंबरा दोन पिढ्यांच्या पायांनी झिजलेला. त्याच्यापुढं रबराची काय बिशाद! कोपऱ्यातून झरा लागलाच. दुकान सरकी-पेंडीचं, आणि पेंड एकदा भिजली की म्हैससुद्धा तोंड लावत नाही. बसवराज पट्ट्या बसवत असताना महादेवप्पा मातीची पाटी घेऊन आत जे राहिले ते राहिलेच. सत्तरी ओलांडलेल्या हट्टाला कोण हात धरून ओढणार?

पूर्वी लाकडी फळ्या होत्या. ओढा फुगला की दाराच्या खाचांत एकीवर एक सरकवायच्या. त्यांची बायको पार्वतम्मा काळ्या मातीत गव्हाचा भुसा घालून ती पायांनी तुडवायची. मग महादेवप्पा बाहेरून लिंपायचे आणि ती आतून. आत मी बसते, माझा हात हलका हाय, हे तिचं पहिल्या पुरापासूनचं बोलणं. पाणी उतरेपर्यंत ती आत पोत्यांवर आणि हे समोरच्या ओट्यावर. पाणी गेल्यावर आतली माती खाली पडलेली दिसायची, तर म्हणायची, वाळली की गळते हो.

भरल्या घरात नवरा-बायकोला दिवसा बोलायची चोरी. फळीआडून मात्र दोघं पोटभर बोलायची. तिच्या माहेरचं, बिदरकडच्या जत्रांचं, सासूच्या कुरबुरींचंसुद्धा. एका पुरात तर तिनं आतून चक्क कानडी गाणं म्हटलं होतं, आणि हे बाहेर कमरेइतक्या पाण्यात लाजून इकडंतिकडं बघत राहिले होते. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. लोकांना पूर आठवला की अंगावर काटा यायचा, महादेवप्पांना मात्र ते सुखाचे दिवस वाटायचे. लोक वेड्यात काढतील म्हणून त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसरा गोळाही पडला. बसवराजनं वाकून पाण्यात हात घातला आणि मूठभर माती बाहेरून कोपऱ्यात दाबली. झरा थांबला.

"बाहेरून लावली की पाणीच तिला दाबून धरतंय," तो म्हणाला. "आतून लावली की तेच ढकलून देतंय. आतली माती कवाच टिकत न्हवती, आप्पा."

महादेवप्पा त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"मग तुझी अव्वा इतकी वर्सं आत काय करत होती?"

बसवराजनं ओढ्याच्या वरच्या अंगाला बघितलं. मघाशीच भोंग्याची गाडी सांगून गेली होती, वरचा तलाव भरलाय, ओढ्याकाठच्यांनी निघा म्हणून. तलाव सांडला तर पाणी पट्ट्यांच्या वरून येणार होतं, आणि वरून येणाऱ्या पाण्याला मातीही पुरी पडत नाही आणि रबरही नाही. पाणी मांडीला लागलं. तसा तो बोललाच.

"मी तिला इचारलं होतं. आप्पाला सांगू नको म्हणली."

"काय?"

"म्हणली, तुझे आप्पा आत बसले तर बुडतील, पर पोती सोडून उठणार न्हाईत. बाहेर असले तर जीव तरी राहील त्यांचा. म्हणून मी बसते." त्यानं पट्टीवरून हात पुढे केला. "आता तरी तिचं ऐका. या बाहेर."

महादेवप्पांनी हाताची माती धोतराला पुसली. पोत्यांच्या थप्पीकडे बघितलं, मग एका पोत्यावर चढून पट्टीवरून पाय टाकला. बसवराजनं काखेत हात घालून त्यांना अलगद उतरवून घेतलं. दोघं पाणी तुडवत समोरच्या ओट्यावर आले.

"हितंच उभा ऱ्हायचो मी," महादेवप्पा म्हणाले. "घडीघडीला जाऊन फळीवर थाप मारायचो. इचारायचो, पोती कोरडी हायत का. ती म्हणायची, हाव, कोरडी हायत."

बसवराजनं त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला. समोर पट्ट्यांच्या कडेला पाणी हळूहळू वर सरकत होतं.

"तू भिजलीस का, हे येकदाबी तोंडातून निघालं न्हाई रे."