चादर पिळती का?

“अक्का, टोक सोडू नका हं! सोडलं तर मी पडंन हौदात, मग तुमच्या दिराला काय सांगाल?”

बाळीवेशीतल्या घराच्या मागच्या दारी, हौदापलीकडं उभी राहून महानंदा असं ओरडायची. त्याला आता कितीतरी दसरे उलटले. दुधनीहून लग्न होऊन आलेली ती धाकटी जाऊ. हातात अजून हिरवा चुडा, पदर कमरेला खोचलेला, आणि दोन्ही मुठींत भिजलेल्या सोलापुरी चादरीचं एक टोक. दुसरं टोक थोरल्या जावेच्या, मालतीच्या हातात.

कोरडी असते तेव्हा चादर मायेची. ओली झाली की म्हशीसारखी बसते, हलत नाही. एका बाईच्या हातानं ती पिळत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकीनं इकडं पीळ द्यायचा, दुसरीनं त्याच्या उलट. मधोमध चादरीचा दोर होतो, दोराची गाठ होते, आणि गाठीतून पाणी असं कोसळतं की पायाखालची फरशी धुऊन निघते. दर दसऱ्याला, घट बसायच्या आधी, घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण असं पिळून निघायचं. महानंदाचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. माहेरच्या ओव्या ती आणायची आणि हितं येऊन त्यांना खोडी जोडायची:

अक्काबाईचा गं माझ्या, हात लई भारी,
पीळ दिला अंगणात, पाणी गेलं शेजारी.

मालती हसायची आणि मुद्दाम एक जास्तीचा हिसका द्यायची. तिकडं महानंदा दोन पावलं पुढं धडपडत यायची.

मग महानंदाच्या मुलाचं, अनीशचं लग्न ठरलं. दोन खोल्यांत नवी सून कुठं निजवायची? महानंदाच्या नवऱ्यानं, शहाजीनं, शहराबाहेर कुंभारीला घर बांधलं. भांडण नाही, तंटा नाही, वाटणीचा शब्द नाही. गेल्या वर्षीच्या वैशाखात टेंपो दाराशी आला, सामान चढलं आणि धाकटं बिऱ्हाड गेलं. सगळं इतकं रीतसर झालं की रडायलाही कुणाला कारण सापडलं नाही.

त्या दिवशी महानंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

“अक्का, येते.”

मालती पोळ्या लाटत होती. तिनं मान वळवली नाही.

“हां, ये.”

महानंदा जरा वेळ तशीच उभी राहिली. मग तिच्या जोडव्यांचा आवाज बाहेर गेला, टेंपोचा आवाज त्यावर आला. मालती दारापर्यंतही गेली नाही. पुढं फोन होत राहिले. अनीशची बायको कशी आहे, शेंगाचटणी खवट का झाली, पाणी कधी आलं. त्या दिवसाचा विषय मात्र दोघींपैकी कुणी काढला नाही.

गेल्या दसऱ्याला मालतीनं चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं पिळत बसली. ते बघून नवरा जोतीराम बाहेर आला. शाळेत कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, कामाला नाही म्हणणारा नव्हे.

“आण हिकडं. मी धरतो की.”

त्यानं धरलं. मालती जिकडं पिळी, तिकडंच तोही पिळी. चादर दोघांच्या मध्ये नुसती गोल गोल फिरत राहिली, थेंब गळेना.

“अवो, उलटं! उलटं पिळा!”

“उलटंच पिळतोय की! तुला उलटं वाटतंय.”

शेवटी चादर तशीच निथळत दोरीवर टाकली. दोरी तुटली. जोतीराम ओल्या चादरीखाली उभा राहून म्हणाला, “पुढच्या दसऱ्याला मशीन. ठरलं.”

म्हणून यंदा मशीन.

आणि तिथून मालतीचं नवीनच सुरू झालं. नवी पेठेतलं दुकान, सात रस्त्याचं दुकान, आसरा चौकातलं काचेचं, गार हवेचं दुकान. कुठंही शिरली की तिचा प्रश्न एकच.

“चादर पिळती का?”

टाय लावलेला विक्रेता म्हणायचा, “काकू, ही पूर्ण ऑटोमॅटिक आहे. बटण दाबा आणि विसरा.”

“आमच्याकडं पाणी दिसाआड बी येत न्हाय बाबा. नळच न्हाय तर बटण दाबून काय ओतू, कौतुक?”

मग बादलीनं पाणी भरता येणाऱ्या, दोन भांड्यांच्या मशिनी दाखवल्या जायच्या. एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळून सुकवायचं. मालती झाकण उघडून आत हात घालायची, तळ चाचपायची आणि काहीतरी खोट काढायची. हिचं तोंड बारीक. तिचा पाइप आखूड. ही लई हलकी, चादरीसंगं नाचत दारापर्यंत जाईल.

“स्थळं बघतीस जणू,” जोतीराम रिक्षात म्हणाला. “ही बुटकी, ती काळी. उद्या पत्रिका मागशील.”

“मागंन. एकदाच घ्यायची हाय वस्तू.”

खरं तर तिला कुठली मशीन आवडावी असं वाटतच नव्हतं. दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडलं की तिचा जीव हलका व्हायचा. घरी आल्यावर मात्र मागच्या दाराशी गेली की हौदापलीकडची ती मोकळी फरशी दिसायची, आणि हलका झालेला जीव पुन्हा जड व्हायचा.

पित्रपंधरवडा लागला. नवी वस्तू घ्यायचे हे दिवस नव्हेत, त्यामुळं दुकानं ओस. नवी पेठेच्या आतल्या गल्लीतल्या तिप्पण्णाच्या दुकानात तर पंखासुद्धा एकटाच फिरत होता. तिप्पण्णा मैंदर्गीचा, मालतीच्या माहेरगावचा. तिला बघताच तो कानडीत बोलतच उठला.

“बर्री अक्का, बर्री. या, बसा.”

“बसायला न्हाय आले. चादर पिळती का, एवढं सांग.”

तिप्पण्णा हसला नाही. सोलापुरात धंदा करायचा तर हा प्रश्न त्याला रोजचा होता.

“मी कशाला सांगू? घरची चादर घिऊन या. मागं अंगणात मशीन लावून ठेवलीय. तुमच्या हातानं भिजवा, तुमच्या हातानं टाका. पिळली तर घ्या.”

“आन् पित्र चालू हायती, त्याचं काय?” जोतीरामनं विचारलं.

“म्हणून तर भाव उतरलाय, काका. आज ठरवा, घटाच्या दिवशी सकाळी घरी पोचवतो. नवरात्र लागलं की हाच भाव मी मागितला तरी कंपनी देणार न्हाय.” मग त्यानं आवाज खाली केला, जणू दुकानात आणखी कुणी होतं. “आन् जोडीनं दोन घेतल्या, तर अजून उतरतो. दोन घरांची मिळून घेतली तरी चालंल. ओळखीत हाय का कोण घेणारं?”

जोतीराम म्हणाला, “आपल्या ओळखीत कोण…”

“हाय,” मालती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की दोघांनी तिच्याकडं बघितलं. “महानंदाला विचारते.”

फोन तिनं दुकानाबाहेर, गल्लीतल्या उन्हात उभी राहून लावला.

“महानंदा, मशीन घेतीस का? जोडीनं घेतली तर लई स्वस्त पडती.”

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “तुमी घेताय का अक्का?”

“बघायला लागलेय.”

“मग मी बी बघते की. कधी येऊ?”

“उद्या. चादर घिऊन ये. घरची, जाड.”

फोन ठेवल्यावर मालतीला जाणवलं, आपण मशिनीच्या आधीच तिच्या येण्याची वेळ ठरवून मोकळ्या झालो.

दुसऱ्या दिवशी महानंदा कुंभारीहून बसनं आली. काखेत चादरीचं गाठोडं. थोडी वाळली होती, की साडी नवी होती म्हणून तसं वाटलं? मालती दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिनं आधी महानंदाच्या काखेतून गाठोडं काढून घेतलं. मग म्हणाली, “ऊन लागलं असंल.”

“अवो, बसमदी पंखा व्हता. कुंभारीची बस आता लई शाणी झालीय.”

“तू मात्र हाय तशीच.”

“तुमी कुटं बदललाय? दुकानात बी पदर खोचूनच उभ्या.”

जोतीराम जरा लांबच राहिला. तिप्पण्णानं मागच्या अंगणात नेलं. भिंतीला लागून मशीन, शेजारी पाण्याचा बॅरल आणि दोन बादल्या. महानंदानं गाठोडं सोडलं. आतली चादर बघून मालतीचा हात थबकला. तांबड्या-पांढऱ्या चौकटींची ती चादर जोडीतली होती, सासूबाईंनी दोघींसाठी एकदमच आणलेली. मालतीच्या पिशवीतही तिचीच जोडीदारीण होती.

“तुमी बी हीच आणली?” महानंदानं विचारलं.

“जाड हाय म्हणून.”

“मी बी जाड हाय म्हणूनच.”



आधी महानंदाची चादर बादलीत भिजवली. तिनं उचलून ती पिळायच्या भांड्यात कोंबली, वरची जाळी न बसवताच झाकण लावलं आणि वेळेची चावी फिरवली. मशीन एकदा घुमली, मग धाड धाड करून उड्या मारायला लागली. बॅरल हलला. तिप्पण्णा धावत आला.

“अक्का, अक्का! एका अंगाला कोंबली तुमी!”

“न्हाय हो पिळत,” महानंदा म्हणाली. तिचा आवाज मात्र तक्रारीचा नव्हता. मालतीनं तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत घडी न घालता काही टाकताना तिनं या बाईला बघितलं नव्हतं. भाकरीच्या टोपलीत फडकंसुद्धा चौकोनी घडीनं जायचं तिच्या हातून.

तिप्पण्णानं चादर काढली, भांड्याच्या कडेनं गोल गोल बसवली, वर जाळी दाबली, झाकण लावलं. आता मशीन शहाण्या गाईसारखी घुमू लागली. पाइपातून पाणी गटारीत धो धो गेलं. मग थोडं. मग थेंब. चावी आपोआप फिरून जागेवर आली आणि मशीन थांबली.

चादर बाहेर आली ती जवळजवळ कोरडी. हलकी. मालतीनं ती एका हातानं उचलली आणि झटकली.

एका हातानं. एकटीनं.

“बघा!” तिप्पण्णा म्हणाला. “आता कुणाची गरज न्हाय. जोडीदार लागत न्हाय की माणूस लागत न्हाय.”

जोतीराम खूष झाला. “झकास. घिऊन टाकू. दोन्ही घिऊन टाकू. महानंदा, शहाजीला फोन लाव.”

“त्यांनी कालच व्हय म्हणलंय,” महानंदा म्हणाली. ती आपल्या चादरीची घडी घालत होती. चौकोनी, काठाला काठ लावून. घडी पूर्ण झाली, तरी तिनं ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

मालतीची चादर पिशवीतच राहिली. भिजवायची गरज उरली नव्हती.

समोर काउंटरवर तिप्पण्णानं भाव सांगितला, तो खरोखर कुठंच मिळाला नसता असा होता. जोतीरामनं उगीच थोडं ताणून बघितलं, तिप्पण्णानं उगीच थोडं सोडलं. दोघांनाही बरं वाटलं. घटाच्या दिवशी सकाळी टेंपो निघेल असं ठरलं.

“पोचवायच्या कुटं?” तिप्पण्णानं मोबाइल उघडून विचारलं. “दोन्ही एकाच घरी का?”

 बाहेरून फुलांची गाडी गेली, तिचा शेवंतीचा वास आत आला आणि गेला.

“न्हाय,” महानंदा म्हणाली. “एक बाळीवेशीत. एक कुंभारीला.”

मग ती कुंभारीचा पत्ता सांगू लागली. मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, नवीन वसाहत, हिरवं फाटक. मालती ऐकत होती. ते हिरवं फाटक तिनं अजून बघितलं नव्हतं. वास्तुशांतीला गेली नव्हती, गुडघे दुखतात असं सांगितलं होतं. अनीशच्या लग्नात मांडवातूनच परतली होती. बोलावणं किती वेळा आलं, आणि दर वेळी तिनं कायतरी सांगितलं. तिथं जायचं म्हणजे महानंदाचं घर तिथं आहे असं मान्य करायचं होतं.

“अक्का, मी निघू का? बस हाय पाचाची,” महानंदा म्हणाली. गाठोडं पुन्हा काखेत. “येते मग.”

हां, ये. ओठांवर तेवढंच आलं. मालतीनं ते गिळलं. तिनं मान वळवली आणि महानंदाकडं सरळ बघितलं.

“थांब जरा.”

“काय विसरलं?”

“महानंदा, त्या दिवशी टेंपो आला तवा मी आत पोळ्या लाटत व्हते. कणीक कवाच संपली व्हती. नुसतं पोळपाटावर लाटणं फिरवत बसले.”

महानंदाच्या हातातलं गाठोडं खाली आलं. “मला वाटलं, तुमी रागावलाय. घर सोडून चालले म्हणून.”

“राग न्हवता गं. वळून बघितलं असतं तर तोंडातून निघून गेलं असतं. भावजींनी हौसेनं घर बांधलेलं, पोराचं लग्न तोंडावर आलेलं. मी कोण आडवी येणारी? म्हणून बघितलं न्हाय.”

“काय निघून गेलं असतं, अक्का?”

जोतीरामनं मान खाली घातली. तिप्पण्णा मोबाइल हातात धरून तसाच उभा राहिला. मालतीनं महानंदाचं मनगट धरलं, आणि आवाज फुटायच्या आत म्हणून टाकलं:

“जाऊ नको म्हणायचं व्हतं मला. तुझ्याबिगर मला त्या घरात एक दिस बी करमलं न्हाय.”