यंत्राला विसावा

तोरण बांधून पुष्पा बैठकीत आली आणि जागच्या जागी थिजली. कॉम्प्युटरच्या बटनांवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, वर झेंडूचं फूल होतं, आणि भिंतीतून काढलेली वायर कोणीतरी नीट गुंडाळून ठेवली होती. शेजारी विळा, कुदळ आणि सासूबाईंची शिलाई मशीन. दसऱ्याची पूजा उरकली होती.

तो कॉम्प्युटर निवृत्तीनं मुंबईहून आणला होता. पाटीएवढा, टीव्हीला जोडायचा. पिंपळगाव राजातला पहिला. निवृत्तीला पहिलेपणाचा भारी सोस. गावातला पहिला रेडिओ, पहिला कॅमेरा, सगळं त्याच्या काचेच्या कपाटात मांडलेलं. बायकोही त्यानं गावातली पहिली बीएस्सी सून म्हणून करून आणली होती. आल्यागेल्याला तो हे सगळं कौतुकानं दाखवायचा, बायकोसकट.

पण यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून पुष्पा ते शिकली. मुलांचे गुण घातले की निकाल लावून देईल असा प्रोग्राम तिनं लिहिला. खामगावात कॉम्प्युटरचा वर्ग निघत होता. तो काढणारे किसनराव आज सोनं द्यायला येणार होते, तिचं काम बघणार होते. पसंत पडलं तर दिवाळीनंतर ती शिकवायला जाणार होती. निवृत्तीनं चारचौघांत होकारही दिला होता.

यंत्राची एक खोड होती. बंद केलं की ते सगळं विसरायचं. लिहिलेलं राखायचं तर टेपरेकॉर्डर जोडून कॅसेटवर उतरवावं लागे, आणि घरातला टेप निवृत्तीनं देवीच्या मंडळाला आरत्यांसाठी दिला होता. म्हणून तिनं यंत्र चालूच ठेवलं होतं. हे तिनं एकट्या नवऱ्याला सांगितलं होतं. लाइट जाऊ नये म्हणून देवीला नारळ बोलली होती. लाइट गेलीही नाही.

किसनराव आले, चहा झाला.

"दाखव ना सायबाले," निवृत्ती म्हणाला. "लाजून काऊन राह्यली?"

"पुसल्या गेलं सगळं," पुष्पा म्हणाली. "कोनीतरी वायर काढली."

किसनराव हसले. "दाखवायच्याच दिवशी बरं पुसल्या गेलं, वहिनी!"

"मी पुन्हा लिहिते. तुमच्यासमोर. सगळं पाठ आहे मले."

"राहू दे वं," निवृत्ती मायेनं म्हणाला. "सनासुदीचं पाहुन्याले काऊन अडकवतं?"

"तसं एका गुरुजीनं विचारलंच आहे," किसनराव उठत म्हणाले. "त्यालेच ठेवतो. वहिनीले घरचं पाहून कुठं जमते बाप्पा!"

निवृत्तीनं त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

झुंबरबाई सुनेजवळ येऊन कावऱ्याबावऱ्या उभ्या राहिल्या.

"माह्यानं काही चुकलं का वं? मी त नुसतं कुकू लावून उठत होतो. निवृत्तीच म्हने, पोयाले बैलाचं जू उतरवतो ना आपन, मंग याले काऊन इसावा नाही? काढ म्हने ते वायर. मले काय समजते त्यातलं?"

निवृत्ती आत आला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं बटनांवरचं कुंकू पुसलं, यंत्र कपाटात रेडिओ आणि कॅमेऱ्याच्या मधोमध ठेवलं, थोडं मागे सरून बघितलं आणि कुलूप लावलं.

"टेप येईन आज मंडळातून," तो म्हणाला. "तोही पुसून ठेवजो."

मग त्यानं खिशातून आपट्याची पानं काढली.

"सोनं घे."

दसऱ्याला सोनं घेऊन नवऱ्याच्या पाया पडायची या घरची रीत होती. त्या पायांवर थुंकावं असं पुष्पाला वाटलं. सासूबाई बघत होत्या. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि वाकली.

"सुखी राह्य," निवृत्ती म्हणाला.