देवाला सोडलेली गोळी

ताडकळसच्या बाजारात मारुतीच्या पारापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. साठी ओलांडलेले रक्तदाबाचे म्हातारे देवळाभोवती एकवीस फेऱ्या मारत होते आणि पारावरून भुजंगबुवा गर्जत होता, "डाक्टरच्या गोळ्या देवाला सोडा. अंगारा चाटा. रगताचा जोर आपसूक उतरतोय."

काशीला जाऊन आवडीचं फळ सोडावं, तशा म्हाताऱ्यांनी औषधाच्या बाटल्याच बुवापुढे सोडल्या होत्या. एकदा सोडलं ते सोडलं. नवल असं, की बाजाराला पूर्णेहून येणाऱ्या डॉक्टरांच्या यंत्रातही दाब खरंच उतरलेला निघाला. मग काय, बुवाचं आयतंच फावलं.

सारजाबाईला मात्र शंका आली होती. तिचे यजमान माणिकराव यांनी पंधरा दिवसांपूर्वी रक्तदाबाची सर्पगंधेची गोळी सोडली. त्या गोळीने नाक चोंदतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गोळी सुटली, तरी नाक चोंदलेलंच, उलट जास्तच. मग गोळी सुटली कशी म्हणायची?

चौदाव्या फेरीला माणिकराव डुलले आणि भिंतीला घासत खाली बसले. तोंड पांढरंफटक.

"देव अंगात यायलाय," बुवा अंगाऱ्याचं ताट घेऊन आला. "आनखी एक चिमूट."

सारजाबाईने त्याचा हात धरला. ताट हिसकून राख पदरात ओतली, बोटांनी चाळली. अर्धी गोळी हाती लागली. गर्दीतल्या लिंबाजी कोतवालाने पारामागची बुवाची खोली उघडली, तर रिकाम्या बाटल्या आणि खलबत्त्यात गोळ्यांची पूड. बुवाने पळायला धोतर सावरलं, पण वाट कुणी दिली नाही.

बाजारातून धावत आलेल्या डॉक्टरांनी यंत्र लावलं. "दाब फार खाली गेलाय. आडवं करा, पाय उंच धरा. राखेच्या चिमटीत कुणाला एकही गोळी येत नाही, कुणाला चार येतात. आणखी चिमूट पोटात गेली असती तर जीवावर बेतलं असतं."

"मंग आमचा दाब उतरला कशानं?" गर्दीतल्या बायनाबाईंनी विचारलं.

"काही चालण्यानं, काही तुमच्याच गोळ्यांनी. राखेनं काही नाही. रोज चाला, झेपेल तेवढं. चालून दाब उतरला, तर यंत्र बघून गोळी मीच कमी करीन. मनानं बंद करू नका."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. माणिकराव तिला हात लावेनात. "देवाला दिल्यालं परत कसं घ्यावं?"

"देवानं कुठं मागितली व्हती? मागितली बुवानं," सारजाबाई म्हणाली. "पंधरा दिस तीच तर चाटायलाव. कुनी चिमटीत काय बी देऊ लागला, तर आधी इचारावं, ह्यात काय हाय. इचारल्यानं देव रुसत न्हाई, आन न इचारता माझं कुकू जायलं व्हतं."

माणिकरावांनी मान खाली घातली आणि हात पुढे केला.